/२६ ब्लॉकचं रिव्हर्स डीएनएस घरात चालतं, बाहेर चालत नाही: नेमकं कुठे तुटलंय ते कसं शोधायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे. लीज्ड लाइनबरोबर आयएसपीने (इंटरनेट देणाऱ्या कंपनीने) २०३.०.११३.६४/२६ हा ब्लॉक, म्हणजे ६४ ते १२७ हे ६४ पत्ते, दिला. ऑफिसातल्या बाइंड (डीएनएस सर्व्हरचं सॉफ्टवेअर) सर्व्हरवर रिव्हर्स झोन (पत्त्यावरून नाव सांगणाऱ्या नोंदींचा संच) बनवून ७० क्रमांकाच्या पत्त्याला मेल.एक्झाम्पल.कॉम असं पीटीआर (पत्त्याचं नाव सांगणारी नोंद) दिलं. ऑफिसातून विचारलं की बरोबर नाव येतं, बाहेरून विचारलं की एनएक्सडोमेन, म्हणजे 'असं नाव नाही'. मेल परत येतायत, आणि आयएसपी म्हणतो की त्यांच्या बाजूचं काम झालं आहे.

आधी एक सूचना. उत्तरातले पत्ते कागदपत्रांत उदाहरणं देण्यासाठी राखून ठेवलेले आहेत आणि बाइंड त्यांच्यासाठी स्वतःच एक रिकामा झोन धरून बसतं. त्यामुळे हेच आकडे जसेच्या तसे चालवून बघू नका, तुमचे घाला. आज्ञा आणि नोंदी इथे देवनागरीत आहेत, टाइप करताना अर्थातच रोमन.

वर्णनावरून पहिला संशय तुमच्याच झोनच्या नावावर आहे. त्याचं नाव ११३.०.२०३.इन-ॲडर.आर्पा असेल तर घरात चालणं आणि बाहेर न चालणं, दोन्हीचं कारण तेच. तो झोन संपूर्ण /२४ चा आहे, म्हणजे २५६ पत्त्यांचा, आणि जगाच्या दृष्टीने त्याचा मालक आयएसपी आहे. तुमच्या सर्व्हरने मात्र स्वतःला मालक समजून घेतलं आहे. ऑफिसातली यंत्रं त्यालाच विचारतात म्हणून त्यांना उत्तर मिळतं. बाहेरचा कोणीही तुमच्या सर्व्हरपर्यंत येतच नाही. याचा दुसरा त्रास उशिरा लक्षात येतो: त्याच /२४ मधल्या बाकीच्या १९२ पत्त्यांची नावं, म्हणजे आयएसपीच्या इतर ग्राहकांची, तुमच्या ऑफिसातून विचारली की तुमचा सर्व्हर ठामपणे 'असं नाव नाही' म्हणतो. तुमच्या मेल सर्व्हरवर रिव्हर्स तपासणी चालू असेल तर त्या शेजाऱ्यांचे मेल तुम्हीच नाकारत असता.

आता हे असं का. रिव्हर्सचं झाड टिंबांवर कापलेलं आहे. २०३.०.११३.७० हा पत्ता उलटा करून ७०.११३.०.२०३.इन-ॲडर.आर्पा होतो, आणि डेलिगेशन (झाडाची एक फांदी दुसऱ्या सर्व्हरकडे सोपवणं) टिंबाच्या जागीच करता येतं: /८, /१६, /२४. /२६ ची सीमा शेवटच्या ऑक्टेटच्या (टिंबांमधल्या आकड्याच्या) पोटात येते, तिथे टिंब नाही, म्हणून कापायला जागाही नाही. १९९३ मध्ये सीआयडीआर (पत्ते वाटण्याची नवी पद्धत) आल्यावर पत्ते कोणत्याही बिटवर तोडून वाटले जाऊ लागले आणि ही अडचण रोजची झाली. त्यावरचा तोडगा मार्च १९९८ च्या आरएफसी २३१७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात लिहिला गेला आणि आजही तोच वापरात आहे. आयएसपीने आपल्या झोनमध्ये एक जादा पातळी तयार करायची, ती तुमच्या सर्व्हरकडे सोपवायची, आणि तुमच्या प्रत्येक पत्त्याचं नाव सीनेम (एका नावावरून दुसऱ्या नावाकडे वळवणारी नोंद) लावून त्या पातळीत वळवायचं.

यात आयएसपीकडे दोन वेगळी कामं आहेत, आणि एक करून दुसरं राहिलं की काहीच चालत नाही. त्यांच्या ११३.०.२०३.इन-ॲडर.आर्पा झोनमध्ये हे हवं (एनएस म्हणजे झोन कोणत्या सर्व्हरकडे आहे ते सांगणारी नोंद):

६४-१२७ एनएस एनएस१.एक्झाम्पल.कॉम.
६४-१२७ एनएस एनएस२.एक्झाम्पल.कॉम.
६५ सीनेम ६५.६४-१२७.११३.०.२०३.इन-ॲडर.आर्पा.
६६ सीनेम ६६.६४-१२७.११३.०.२०३.इन-ॲडर.आर्पा.

आणि असंच १२६ पर्यंत. बाइंडमध्ये ही ६२ सीनेम हाताने लिहायची गरज नाही, एका ओळीत होतात: $जनरेट ६५-१२६ $ सीनेम $.६४-१२७

तुमच्या सर्व्हरवर झोनचं नाव ६४-१२७.११३.०.२०३.इन-ॲडर.आर्पा. आत एसओए (झोनची ओळख आणि आवृत्तीचा क्रमांक, म्हणजे सिरियल, देणारी नोंद), तेच दोन एनएस, आणि मग:

७० पीटीआर मेल.एक्झाम्पल.कॉम.

६४-१२७ या लेबलला डीएनएसच्या लेखी काहीही अर्थ नाही. मास्क, रेंज, सबनेट यातलं डीएनएसला काही कळत नाही. आरएफसीतल्या उदाहरणांत ते ६४/२६ च्या धर्तीवर लिहिलं आहे, कोणी ६४-२६ लिहितो, कोणी ६४-१२७. त्या जागी 'पुणे' लिहिलं तरी चालेल. अट एकच: आयएसपीच्या एनएस नोंदीत, सीनेमच्या उजव्या बाजूला आणि तुमच्या झोनच्या नावात तेच लेबल अक्षरशः सारखं असलं पाहिजे. आयएसपीने ६४/२६ ठेवलं आणि तुम्ही ६४-१२७ केलं तर वाचताना दोन्ही एकच वाटतात, पण डीएनएससाठी ती दोन परकी नावं आहेत. म्हणून आयएसपीला 'डेलिगेशन करा' एवढंच न कळवता लेबलसकट वरच्या ओळी ईमेलमध्ये पाठवा. आणि त्यांनी 'झालं' म्हटल्यावर त्यांनी प्रत्यक्षात काय ठेवलंय ते स्वतः विचारून बघा.

विचारायचं असं. ऑफिसचा रिझॉल्व्हर (इतर सर्व्हरांना विचारून उत्तर आणणारा सर्व्हर) मध्ये येऊ देऊ नका. मोबाइलच्या इंटरनेटवरून किंवा बाहेरच्या एखाद्या व्हीपीएसवरून (भाड्याच्या सर्व्हरवरून) डिग या डीएनएसला प्रश्न विचारणाऱ्या आज्ञेने सुरुवात करा:

डिग -एक्स २०३.०.११३.७० +ट्रेस

यात रूट, मग इन-ॲडर.आर्पा, मग २०३.इन-ॲडर.आर्पा (हा एपनिककडे, म्हणजे आशिया-पॅसिफिकमध्ये पत्ते वाटणाऱ्या संस्थेकडे, आहे), मग आयएसपीचे सर्व्हर अशी उतरंड दिसते. साखळी २०३ वरच संपली तर आयएसपीने आपला /२४ च वरून सोपवून घेतलेला नाही. ते काम आयएसपीने एपनिककडे, किंवा पत्ते आयरिन या भारतातल्या नोंदणी संस्थेकडून घेतले असतील तर तिथे, करायचं असतं. त्याआधी तुम्ही काहीही केलं तरी उपयोग नाही.

इथे डिगची एक सवय माहीत हवी. सीनेम मिळालं की +ट्रेस तिथेच थांबतो, पुढे पीटीआरपर्यंत जात नाही. तो बिघाड नाही. सीनेमच्या उजवीकडचं नाव उचलून दुसरी फेरी मारायची:

डिग पीटीआर ७०.६४-१२७.११३.०.२०३.इन-ॲडर.आर्पा +ट्रेस

पहिली फेरी सीनेम तपासते, दुसरी डेलिगेशन. आणि ट्रेस चालवताना बाहेर जाणारं ५३ पोर्ट मोकळं हवं. काही फायरवॉल ५३ वरचा सगळा ट्रॅफिक गुपचूप स्वतःच्या रिझॉल्व्हरकडे वळवतात. तसं असेल तर ट्रेसमध्ये दिसणाऱ्या सर्व्हरांपैकी एकानेही खरं उत्तर दिलेलं नसतं, आणि दिवस वाया जातो.

उत्तर एनएक्सडोमेन आलं तर तेवढं वाचून थांबू नका. साध्या डिगच्या निकालात ऑथॉरिटी भागात एक एसओए येतो, आणि तो कोणत्या झोनचा आहे यावर दोषी कोण ते ठरतं. एसओए २०३.इन-ॲडर.आर्पाचा असेल तर /२४ चं डेलिगेशन नाही. ११३.०.२०३ चा असेल आणि अॅन्सर भाग रिकामा असेल तर आयएसपीने सीनेम टाकलेलं नाही. तुमच्या तक्रारीत बहुधा हेच निघेल: एनएस टाकले, सीनेम राहिली. अॅन्सर भागात सीनेम आहे पण एसओए तरीही ११३.०.२०३ चाच, तर सीनेम आहे पण तिच्या लेबलचं डेलिगेशन नाही, किंवा दोन ठिकाणची लेबलं जुळत नाहीत. आणि सीनेम दिसतेय, एसओए ६४-१२७ चा आहे, तर आयएसपीला फोन करू नका. साखळी पूर्ण आहे, तुमच्या झोनमध्ये ७० ची नोंद नाही.

सर्व्हफेल आलं तर अर्थ वेगळा: साखळी सापडली, पण शेवटचा सर्व्हर कामाचा निघाला नाही. तेव्हा त्यालाच सरळ विचारा (+नोरिकर्स म्हणजे दुसऱ्याला न विचारता स्वतःचं उत्तर दे): डिग @एनएस१.एक्झाम्पल.कॉम एसओए ६४-१२७.११३.०.२०३.इन-ॲडर.आर्पा +नोरिकर्स. उत्तरात 'एए' (हा सर्व्हर त्या झोनचा अधिकृत सर्व्हर आहे) हा फ्लॅग हवा. 'रिफ्यूज्ड' आलं तर त्या नावाचा झोन सर्व्हरवर नाहीच (पुन्हा लेबल बघा) किंवा बाइंडची अलाउ-क्वेरी ही सेटिंग फक्त आतल्या नेटवर्कला परवानगी देते. व्ह्यू (आतल्यांना आणि बाहेरच्यांना वेगळी उत्तरं द्यायची सोय) वापरत असाल तर झोन आतल्या व्ह्यूमध्ये आहे आणि बाहेरच्या व्ह्यूमध्ये टाकायचा राहिलाय, हे नेहमीचं. काहीच उत्तर नाही, टाइमआउट, तर फायरवॉल. ५३ पोर्ट यूडीपी आणि टीसीपी दोन्हींवर उघडं लागतं.

कधी नाव येतं, कधी नाही, अशी तक्रार असेल तर सर्व्हरांच्या प्रती वेगवेगळ्या आहेत. डिग +एनएससर्च ११३.०.२०३.इन-ॲडर.आर्पा ही आज्ञा झोनच्या प्रत्येक नेमसर्व्हरचा एसओए एका ओळीत दाखवते. सिरियल सगळीकडे सारखा हवा. आयएसपीच्या तीनपैकी एक सर्व्हर जुन्या सिरियलवर अडकला असेल तर तो पुरावा तसाच कॉपी करून पाठवा. 'कधीकधी चालत नाही' या वाक्यावर कोणी काम करत नाही.

आयएसपी 'आम्ही टाकलंय' म्हणतो आणि बाहेर काहीच दिसत नाही, याचं एक प्रामाणिक कारणही असतं. बऱ्याच आयएसपींच्या झोनमध्ये आधीपासून सगळ्या पत्त्यांना सरसकट पीटीआर दिलेली असतात. ज्या नावाला सीनेम आहे त्याला दुसरा कोणताही रेकॉर्ड चालत नाही (डीएनएसएसईसी, म्हणजे उत्तरांवर सही करायच्या पद्धतीच्या, सह्या सोडून). ऑपरेटरने जुनं पीटीआर न काढता सीनेम टाकली की बाइंड 'सीनेम अँड अदर डेटा' म्हणून अख्खा झोन लोड करायला नकार देतं आणि रीलोड फसल्यावर मेमरीतली जुनी प्रतच देत राहतं. फाइलमध्ये बदल आहे, सर्व्हरवर नाही. सिरियल जुनाच दिसतो त्यावरून हे ओळखता येतं. त्यांनी नेम्ड-चेकझोन (झोनची फाइल तपासणारी आज्ञा) एकदा चालवलं तर नेमकी ओळ क्रमांकासकट सापडते.

टिंबाची चूक दोन्हीकडे होते. सीनेमच्या शेवटी टिंब द्यायचं राहिलं तर डिगमध्ये ७०.६४-१२७.११३.०.२०३.इन-ॲडर.आर्पा.११३.०.२०३.इन-ॲडर.आर्पा असं दुहेरी शेपूट दिसतं. तुमच्याकडे द्यायचं राहिलं तर पीटीआर मेल.एक्झाम्पल.कॉम.६४-१२७.११३.०.२०३.इन-ॲडर.आर्पा असं बाहेर पडतं. ही चूक सोपी, कारण ती दिसते. न दिसणारी चूक अशी: झोनचं नाव बदलून ६४-१२७ केलं, पण फाइलमध्ये डावीकडे जुनं पूर्ण नाव ७०.११३.०.२०३.इन-ॲडर.आर्पा. तसंच राहिलं. ते आता झोनच्या हद्दीबाहेरचं आहे. बाइंड लॉगमध्ये 'इग्नोरिंग आउट-ऑफ-झोन डेटा' लिहितं, ओळ टाकून देतं आणि झोन बिनतक्रार लोड करतं. डावीकडे फक्त ७० लिहा, शेवटी टिंब न देता.

स्लॅश की डॅश? डॅश घ्या. स्लॅश डीएनएसच्या नियमांत बसतो आणि बाइंडला चालतो, पण झोनच्या नावावरून फाइलचं नाव बनवणाऱ्या साधनांना तो डिरेक्टरीचा विभाजक वाटतो, आणि काही वेब पॅनेल तो स्वीकारतच नाहीत. आयएसपीने आधीच स्लॅश ठेवला असेल आणि बदलायला तयार नसेल तर तुमच्याकडे झोनचं नाव स्लॅशसह ठेवा, फाइलचं नाव मात्र वेगळं द्या.

विंडोज डीएनएस सर्व्हरवर विझार्ड नेटवर्क आयडी विचारतो, तिथे /२६ बसत नाही. तोच स्क्रीन खालचा पर्याय देतो, रिव्हर्स लुकअप झोनचं पूर्ण नाव हाताने लिहायचा. तो निवडा. आणि अशा झोनमध्ये डायनॅमिक अपडेट चालत नाहीत हे गृहीत धरा. डीएचसीपीने (यंत्रांना पत्ते वाटणाऱ्या सेवेने) पीटीआर आपोआप टाकावीत अशी अपेक्षा असलेल्या नेटवर्कवर असा क्लासलेस (/२४ पेक्षा लहान तुकड्याचा) झोन करू नका.

आतल्या खाजगी पत्त्यांसाठी, १० किंवा १९२.१६८ साठी, मुळात क्लासलेस डेलिगेशन कशाला? पूर्ण /२४ चा झोन तुमचाच आहे, एकाच ठिकाणी ठेवा. तरी दोन शाखांचे ॲडमिन वेगळे म्हणून करायचंच असेल तर लक्षात घ्या की बाइंड आणि अनबाउंड (आणखी एक रिझॉल्व्हर सॉफ्टवेअर) दोन्ही खाजगी पत्त्यांच्या रिव्हर्सला स्वतःच नकारार्थी उत्तर देऊन मोकळे होतात. पालक झोन दुसऱ्या सर्व्हरवर असेल तर अनबाउंडमध्ये त्या झोनला लोकल-झोन 'नोडिफॉल्ट' लिहावं लागतं, बाइंडमध्ये डिसेबल-एम्प्टी-झोन.

आता तुमचा दुरुस्तीचा क्रम. आयएसपीची सीनेम आणि एनएस दोन्ही बाहेरून दिसेपर्यंत ऑफिसातला जुना /२४ चा झोन ठेवला तरी चालेल. नवा ६४-१२७ चा झोन शेजारी उभा करा, सिरियल वाढवा, दुय्यम सर्व्हरवर उतरलाय का बघा. बाहेरून दोन्ही फेऱ्या स्वच्छ आल्या की जुना झोन काढून टाका. तो राहिला तर आतलं आणि बाहेरचं चित्र पुन्हा वेगळं होत जाईल. काढल्यावर एक परिणाम येतो: आतल्या यंत्रालाही ७० चं नाव हवं असेल तर आधी आयएसपीच्या झोनमधली सीनेम लागते, म्हणजे लाइन पडली की कॅश संपेपर्यंतच तुमच्या स्वतःच्या पत्त्यांची नावं मिळतील. ज्यांना हे परवडत नाही त्यांनी आयएसपीकडून त्यांच्या /२४ झोनची दुय्यम प्रत मागावी. देत नसतील तर सहसा सोडून द्यावं. ओपनएसएसएचसुद्धा (दुसऱ्या यंत्रावर लॉगिन करायचं साधन) ६.८ आवृत्तीपासून, म्हणजे २०१५ पासून, लॉगिनच्या वेळी आपणहून रिव्हर्स तपासत नाही.

आयएसपीचा झोन डीएनएसएसईसीने सही केलेला असेल तर आणखी एक शक्यता उरते. सर्व्हफेल येतंय, पण डिगला +सीडी (सही तपासू नको) लावल्यावर उत्तर बरोबर येतं, तर दोष सहीत आहे: बदलानंतर झोन पुन्हा साइन झाला नाही, किंवा तुमच्या झोनसाठी दिलेला डीएस (तुमची की ओळखणारी, आयएसपीच्या झोनमधली नोंद) जुन्या कीचा आहे. तुमचा झोन सही नसलेला असेल आणि डीएसही नसेल तर काही बिघडत नाही.

मेलचं वेगळं बघावं लागेल, कारण पीटीआर मिळणं ही अर्धीच अट आहे. मिळालेल्या नावाचा ए रेकॉर्ड (नावावरून पत्ता देणारी नोंद) त्याच पत्त्यावर परत आला पाहिजे. जीमेलचा ५५०-५.७.२५ हा नकार या दोन्हींपैकी काहीही चुकलं तरी येतो. पोस्टफिक्स या मेल सर्व्हरमध्ये रिजेक्ट_अननोन_रिव्हर्स_क्लायंट_होस्टनेम फक्त पीटीआर आहे का बघतं, तर रिजेक्ट_अननोन_क्लायंट_होस्टनेम दोन्ही दिशा जुळवतं, म्हणून एकच मेल एका ठिकाणी पोचतो आणि दुसरीकडे अडतो. एका पत्त्याला एकच पीटीआर ठेवा. आणि मेल खरोखर ७० वरून बाहेर पडतो का हे पाठवलेल्या मेलच्या रिसीव्हड हेडरमध्ये बघा. फायरवॉलवर आत येणाऱ्यासाठी नॅट (पत्ता बदलून आत पाठवणं) आहे आणि बाहेर जाणारा सगळा ट्रॅफिक ६६ वरून जातो, असं असेल तर ७० चं रिव्हर्स कितीही नीट करा, समोरचा ६६ चंच तपासणार. सर्व्हरला आयपीव्ही६ असेल तर त्याचंही पीटीआर लागेल. तिथे झाड दर चार बिटांवर कापलेलं असल्यामुळे /४८, /५६, /६४ सगळे नेमके टिंबावर येतात आणि सीनेमचा हा खटाटोप करावा लागत नाही.

ब्लॉक /२९ असता तर मी डेलिगेशन मागायलाच नको म्हटलं असतं. वापरायोग्य सहा पत्ते, त्यातला एक राउटरला. दोन-तीन पीटीआरसाठी दोन नेमसर्व्हर चोवीस तास चालू ठेवण्यापेक्षा आयएसपीच्या झोनमध्येच ती पीटीआर टाकून घेणं शहाणपणाचं. /२६ ला मात्र बदल वारंवार होत असतील तर डेलिगेशनचा त्रास वसूल होतो.

सगळं दुरुस्त झाल्यावरही काही रिझॉल्व्हर थोडा वेळ 'नाही'च म्हणत राहतील. नकारार्थी उत्तरही कॅशमध्ये राहतं, आणि किती वेळ ते एसओएचा टीटीएल (कॅशमध्ये ठेवायची मुदत) आणि त्याच एसओएमधला शेवटचा आकडा यांतला लहान ठरवतो. सीनेम नव्हती तेव्हा नकार आयएसपीच्या झोनमधून आला होता, म्हणून आकडा त्यांचा लागू होतो, तुमचा नाही. तो ८६४०० असला तरी बाइंड मुळच्या सेटिंगमध्ये नकार तीन तासांपेक्षा जास्त धरत नाही. स्वतःच्या बाइंडवर कॅशमधलं हे नाव काढायला आरएनडीसी फ्लशनेम ७०.११३.०.२०३.इन-ॲडर.आर्पा करा. गुगल आणि क्लाउडफ्लेअर यांच्या सार्वजनिक रिझॉल्व्हरांसाठी कॅश रिकामी करायची वेब पानं आहेत, तिथे हेच उलटं नाव आणि प्रकार पीटीआर द्या. बाकीच्यांसाठी थांबा, आणि तोवर दोन्ही बाजूंच्या मूळ सर्व्हरांना +नोरिकर्सने विचारून खात्री करा. त्यांची उत्तरं बरोबर असतील तर झोनला पुन्हा हात लावू नका.